घाण्यामागे एक पळी तेल

गणिताचा इतिहास लिहिणारे सिद्धांतांची नोंद ठेवतात, ग्रंथांची ठेवतात, ग्रंथकारांच्या जन्मशकांवरून हमरीतुमरीवर येतात. परंतु तो सिद्धांत सुचत असताना दिव्यात तेल कोणी घातले होते, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. आपल्या महाराष्ट्रात मात्र अशी एक नोंद आहे. ती दगडावर कोरलेली आहे आणि तिच्यात तेलाचा हिशेब मापानिशी दिलेला आहे. दिवाळीच्या दिवसांत तेलाची आठवण घरोघर होत असते. तेव्हा त्या जुन्या तेलाची हकीकत वाचकांना सांगावी, असा विचार आहे.

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला आपण औरंगाबाद म्हणत आलो त्या गावाहून, वेरूळ आणि कन्नड मागे टाकून घाट उतरला की खानदेश लागतो. तिथे चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे अठरा किलोमीटरांवर, डोंगराच्या अगदी कुशीत पाटण नावाचे गाव आहे. वर पितळखोऱ्याची लेणी, खाली पाटणादेवीचे देऊळ, भोवती दाट झाडी. यात्रेकरू देवीला जातात, हौशी माणसे लेण्यांना जातात. मी गणिताचा मास्तर. मी गेलो तो एका शिलालेखाच्या ओढीने.

हा लेख जगापुढे आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. पेशाने वैद्य असलेला हा माणूस जुन्या विद्येच्या शोधात किती भटकला असेल, याची कल्पना केली की थक्क व्हायला होते. १८६५ साली त्यांनी या लेखाची माहिती प्रसिद्ध केली. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने त्याचे चोख संपादन केले. लेखातील हकीकत थोडक्यात अशी: ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिणारे भास्कराचार्य यांचा मुलगा लक्ष्मीधर. यादव राजा जैत्रपाल याने त्याला पाटणाहून बोलावून नेऊन आपल्या पंडितांचा प्रमुख केले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव. तो जैत्रपालाच्या मुलाचा, सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. यादवांची राजधानी देवगिरी; म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरापासून जेमतेम पंधरा किलोमीटरांवरचा दौलताबादचा किल्ला. त्या राजसभेत बसणाऱ्या या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून पाटणला एक मठ स्थापन केला. इ. स. १२०७ च्या श्रावणी पौर्णिमेस चंद्रग्रहण होते. तो पुण्यकाळ साधून निकुंभ घराण्यातील सोइदेव या मांडलिकाने मठाला दान दिले. पुढे त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव यानेही दानात आपली भर घातली.

ग्रहणाच्या दिवशी दान देण्याची चाल जुनीच आहे. पण ग्रहण कधी लागणार, हे ज्या गणिताने कळते त्या गणितालाच ग्रहणाच्या दिवशी दान मिळावे, हा योग मला फार गोड वाटतो.

लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. शेवटी मात्र, जिथे देण्याघेण्याचा व्यवहार आला, तिथे लेख मराठीवर येतो; तीही सव्वाआठशे वर्षांच्या घरातली मराठी. कारण उघड आहे. स्तुती पंडितांनी वाचावयाची होती. हिशेब मात्र वाण्याला, तेल्याला आणि मापाऱ्याला कळला पाहिजे. त्या हिशेबात असे आहे की, पाटणच्या बाजारात जो माल विकावयास येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो वाटा मिळत असे, तो मठाला दिला. ब्राह्मणांनी आपल्या हक्काचा भाग दिला. नगराने, म्हणजे व्यापाऱ्यांनी, आपला भाग दिला. गावात जे मापावयाचे ते मठाच्या मापाने मापावे आणि मापणावळीचा अर्धा भाग मठाला द्यावा, असे ठरले. आणि जितके तेलाचे घाणे चालतील, तितक्या घाण्यांमागे एक एक पळी तेल.

वाचकहो, एक पळी तेल ते काय! परंतु या हिशेबाकडे नीट पाहावे. राजाने तिजोरीतून एकदाच थैली ओतली आणि विषय संपविला, असे झालेले नाही. सगळ्या गावाने थोडे थोडे, पण रोज द्यावयाचे ठरविले आहे. तेल्याला ‘सिद्धांतशिरोमणी’तील एक श्लोकही कळत नसेल, परंतु घाण्यावरचा बैल फिरत होता तोवर पाटणच्या मठातला दिवा विझण्याचे कारण नव्हते. आणि तो दिवा होता कोणासाठी? भास्कराचार्यांसाठी नव्हे. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा, ‘सिद्धांतशिरोमणी’ त्यांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली पुरा केला, १२०७ साली ते हयात असण्याचा संभव नाही. चांगदेव तर राजज्योतिषी, त्याला कशाची वाण? तो दिवा होता ज्यांची नावे लेखात नाहीत त्यांच्यासाठी: पोथी घेऊन दूरवरून आलेल्या, अजून काहीही सिद्ध न केलेल्या पोरांसाठी. नावारूपाला आलेल्या विद्वानाचा सत्कार कोणीही करतो. ज्याचे नाव अजून व्हावयाचे आहे त्याच्या जेवणाची आणि सोबतीची तजवीज करणे, ही गोष्ट निराळी आहे आणि दुर्मिळही आहे.

मठ पुढे किती वर्षे चालला, हे दगड सांगत नाही. देवगिरीचे राज्य चौदाव्या शतकाच्या आरंभी बुडाले. तरी भास्कराचार्यांची परंपरा मराठवाड्याच्या मातीत टिकली. गोदावरीच्या अंगाला पार्थपूर, म्हणजे परभणी जिल्ह्यातले आजचे पाथरी, येथे ज्ञानराज नावाचा ज्योतिषी होऊन गेला. त्याचा ‘सिद्धांतसुंदर’ १५०३ च्या सुमाराचा. त्याचा मुलगा सूर्यदास. त्याने १५३८ साली भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर आणि १५४१ साली ‘लीलावती’वर टीका लिहिल्या. जवळच गोलग्राम नावाच्या गावी दिवाकर दैवज्ञाचे घराणे नांदत होते. मुलगे, नातू, पणतू सगळे गणिती. हे घराणे मात्र पुढे काशीस गेले, आणि त्याच कुळातील कमलाकराने १६५८ साली आपला ‘सिद्धांततत्त्वविवेक’ लिहिला तो काशीत बसून. काशीत विद्येला आश्रय होता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाद घालावयास तोलामोलाची माणसे होती. माणूस भाकरीसाठी गाव सोडतो तसा सोबतीसाठीही सोडतो.

सोबतीचे एवढे काय, असे कोणी विचारील. गणित म्हणजे एकट्याचा धंदा, कागद आणि पेन्सिल असली की झाले, असा समज सर्वत्र आहे. कागद आणि पेन्सिल पुरते, हे खरे; पण किती पुरते, त्याचे एक उदाहरण आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे. देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. अंकांचे त्यांना वेड. त्यांनी शोधलेली गंमत वाचकांनी घरच्या मुलांना करून दाखवावी. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. सगळे अंक सारखे मात्र नकोत. त्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. आपल्या शिलालेखाचेच साल घेऊ: १२०७. ७२१० मधून ०१२७ गेले, राहिले ७०८३. ८७३० मधून ०३७८ गेले, राहिले ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले, राहिले ६१७४. आणि आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहील. कोणत्याही संख्येपासून निघा, फार तर सात पायऱ्यांत या ६१७४ च्या दारात येऊन उभे राहाल.

कापरेकरांनी ही गोष्ट १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. जगाने तिची दखल घेतली ती १९७५ साली, मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने आपल्या सदरात तिच्यावर लिहिले तेव्हा. मध्ये सव्वीस वर्षे गेली! कापरेकर आनंदी वृत्तीचे होते, त्यांनी हाय खाल्ली नाही. पण या सव्वीस वर्षांत त्यांच्या शेजारी बसून ‘हे असे का होते?’ असे विचारणारे दोनचार जण असते, तर ते आणखी कुठवर पोहोचले असते?

हे एकटेपण ओळखले ते मद्रास इलाख्यातील व्ही. रामस्वामी अय्यर यांनी. हे सरकारी नोकर, डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९०७ साली जी मंडळी जमविली तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. तिचा पहिला उद्योग मोठा व्यवहारी होता: परदेशी नियतकालिके वर्गणीने मागवावयाची आणि टपालाने एका सभासदाकडून दुसऱ्याकडे फिरवावयाची. कुठल्या तरी तालुक्याच्या गावी एकटा पडलेला गणिताचा शिक्षक पोस्टमनची वाट पाहात बसला आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. या सोसायटीच्या ग्रंथसंग्रहाला घर दिले ते आपल्या पुण्याने. रँग्लर परांजपे यांच्यामुळे तो फर्ग्युसन कॉलेजात आला आणि पुष्कळ वर्षे तिथेच राहिला. १९१० साली याच रामस्वामी अय्यरांकडे एक फाटका तरुण कारकुनीची जागा मागावयास आला. त्यांनी त्याची वही चाळली, कारकुनी दिली नाही, ओळखीची पत्रे दिली; आणि १९११ साली त्या तरुणाचा पहिला लेख सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. हार्डीचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. हार्डीच्या आधी एक पळी तेल घालणारा डेप्युटी कलेक्टर फारसा कोणाला ठाऊक नसतो.

आता जरा फराळाच्या ताटाकडे वळू. कारण पुढची हकीकत ज्या शास्त्राची आहे त्याची ओळख या ताटाइतकी दुसरीकडे सोपी मिळावयाची नाही. टोपॉलॉजी हे त्या शास्त्राचे नाव. परिभाषेत त्याला संस्थितिविज्ञान असा भारदस्त शब्द आहे. भूमितीला लांबी, रुंदी, कोन यांची काळजी असते. संस्थितीला त्याची पर्वा नाही. वस्तू ओल्या पिठाची आहे असे समजा. दाबा, ताणा, वळा, पण तोडू नका आणि नवे जोडू नका. एवढे करून जी वस्तू जिच्यासारखी होईल ती तिची सख्खी बहीण. या न्यायाने बेसनाचा लाडू आणि शंकरपाळा एकच. इतकेच काय, तांब्याही त्याच जातीचा, कारण लाडवाच्या गोळ्याला खोलगा पाडीत गेले की तांब्या होतो. चकली दिसावयास फार गुंतागुंतीची. पण तिचे वेढे एकमेकांना चिकटले नसतील तर ती वळलेली सरळ कांडीच आहे. कडबोळे मात्र वेगळे! त्याला मधोमध भोक आहे, आणि कितीही दाबले तरी लाडवाचे कडबोळे होणार नाही. भोक पाडावेच लागेल. तळणीची दोन कानांची कढई घ्या. तिला दोन भोके. ती कडबोळ्याच्याही पलीकडची.

भोक मोजण्याची युक्ती आणखी गमतीची आहे. लाडवावर दोऱ्याचा फास टाका आणि ओढा. तो सरकत सरकत एका बिंदूत मिटतो. कडबोळ्याच्या भोकातून दोरा ओवून त्याची गाठ मारा. आता कितीही ओढा, तो मिटत नाही. कोणते फास मिटतात, कोणते नाहीत आणि एकामागून एक घेतले असता त्यांचे काय होते, यांचे एक पुरे बीजगणित प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने १८९५ साली मांडले. फासांवरून वस्तूची ओळख पटविणारे हे शास्त्र त्यानंतर इतके फोफावले की आज ते शिकल्याशिवाय गणिताच्या संशोधनात पाऊल टाकणे कठीण. आणि गोम अशी की, हे शास्त्र पुस्तकातून एकट्याने शिकणे फार अवघड आहे. त्यात चित्र डोळ्यांपुढे यावे लागते, आणि ते चित्र बहुधा दुसऱ्या कोणी हातवारे करून, फळ्यावर वेड्यावाकड्या रेघा ओढून दाखविल्याशिवाय येत नाही.

मुंबईत असा फळा मांडला गेला तो टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. होमी भाभांनी १९४५ साली ही संस्था काढली. १९४९ साली के. चंद्रशेखरन गणित विभागात आले आणि १९५१ साली के. जी. रामनाथन. त्या वेळी संस्था गेटवेजवळ यॉट क्लबच्या जुन्या इमारतीत होती. कुलाब्याच्या वास्तूचे उद्घाटन नेहरूंच्या हस्ते झाले ते १९६२ साली. चंद्रशेखरन यांची रीत साधी होती. देशभरातून मोजके तरुण निवडावयाचे, त्यांना आधी पाया पक्का करून द्यावयाचा, आणि मग जगातले नामांकित गणितज्ञ बोलावून त्यांच्यापुढे बसवावयाचे. पाहुण्याने व्याख्याने द्यावयाची आणि एका तरुणाने ती उतरून घेऊन पुस्तकाच्या रूपाने सिद्ध करावयाची. १९५५ साली लोराँ श्वार्ट्‌झ यांची व्याख्याने प्रसिद्ध झाली ती एम. एस. नरसिंहन या विशीतल्या तरुणाने उतरवलेली. १९६० साली कोझूल यांची निघाली, ती एस. रामनन यांनी उतरवलेली. १९६९ साली द राम यांचे संस्थितीच्या ओळखीचे पुस्तक आले, तेही असेच. व्याख्यान ऐकणे निराळे आणि ते उतरवून काढणे निराळे. उतरवावयाचे म्हणजे ‘हे उघड आहे’ असे पाहुणा जिथे म्हणून गेला, तिथे ते उघड का आहे हे रात्री बसून आपले आपण सोडविणे आले. मठातले पोथी नकलून घेणे याहून वेगळे काय होते?

फळ काय मिळाले? नरसिंहन आणि त्यांच्याच बरोबर १९५३ साली आलेले सी. एस. शेषाद्री, दोघेही मद्रासच्या लोयोला कॉलेजातून फादर रासीन या फ्रेंच पाद्रीबाबाच्या हाताखाली तयार झालेले. १९६५ साली या दोघांचा एक सिद्धांत प्रसिद्ध झाला. भोकांच्या पृष्ठभागांवरचे फास, ज्यांची आपण कडबोळ्यावर ओळख करून घेतली, आणि बीजभूमितीतील काही गहन रचना ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, असे त्यांनी दाखविले. आजही त्या दोन नावांनी तो सिद्धांत जगभर शिकविला जातो. यॉट क्लबच्या त्या खोल्यांतल्या दिव्यांचे तेल वाया गेले नाही.

याच संस्थेत व्याख्याने ऐकावयास जाणारा आणखी एक तरुण होता, ग्वाल्हेरच्या गणिताच्या प्राध्यापकांचा मुलगा श्रीराम शंकर अभ्यंकर. १९५१ साली मुंबईहून बी. एस्सी. होऊन तो हार्वर्डला गेला, झरिस्की यांच्या हाताखाली १९५५ साली डॉक्टर झाला आणि पुढे अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात कीर्तिवंत झाला. कीर्तिवंत होऊन तिकडेच राहिलेल्यांची संख्या आपल्याकडे कमी नाही. अभ्यंकरांनी १९७६ साली पुण्यात एरंडवण्याला एक संस्था काढली आणि तिला नाव दिले भास्कराचार्य प्रतिष्ठान. पाटणच्या मठानंतर पावणेआठशे वर्षांनी पुन्हा भास्कराचार्यांच्या नावाने एक घर उघडले, जिथे शाळकरी मुलांपासून संशोधकांपर्यंत कोणीही येऊन गणिताला बसावे. २०१२ साली अभ्यंकर गेले. घराचे दार उघडेच आहे.

आता आमच्या मराठवाड्याकडे येतो. निजामाच्या अमदानीत आमची महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेच मिलिंद. आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १९९४ साली त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले. ज्या मुलांच्या सात पिढ्यांत कोणी पाटी पाहिली नव्हती, ती या विद्यापीठातून एम. एस्सी. झाली. पाटणच्या मठात त्यांना कोणी पायरीपाशी तरी उभे केले असते का, हा प्रश्न मनात येतोच, आणि त्याचे उत्तर वाचकांना ठाऊक आहे. म्हणून तर नव्या काळातल्या तेलाची जबाबदारी अधिक मोठी.

मी या भागातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षे गणित शिकविले. त्यात दर दोनतीन वर्षांनी एखादा मुलगा, एखादी मुलगी अशी निघे की, तिच्या प्रश्नाने माझी रात्रीची झोप जावी. अशा मुलांचे पुढे काय होते? ती एम. एस्सी. होतात, नेटची परीक्षा काढतात आणि तालुक्याच्या गावी ‘तासिका तत्त्वावर’ शिकवू लागतात. म्हणजे जितके तास तितकेच पैसे. दिवाळीच्या सुटीत नाही, मेच्या सुटीत नाही. गावात गणितावर बोलावयास दुसरे माणूस नाही. ग्रंथालयात संस्थितीचे पुस्तक नाही. चारपाच वर्षांत तो प्रश्न विचारणारा आवाज हळूहळू बारीक होतो.

या मुलांसाठी देशात एक चांगली गोष्ट घडली आहे. अणुऊर्जा खात्याच्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची स्थापना १९८३ सालची. त्याच्या आश्रयाने १९९३ पासून पदवीच्या मुलांची उन्हाळी शिबिरे आणि २००४ पासून संशोधनाच्या उंबरठ्यावरच्या तरुणांची व शिक्षकांची प्रगत गणित शिबिरे भरू लागली. २०११ साली टाटा संस्था आणि पवईची आय. आय. टी. यांनी मिळून राष्ट्रीय गणित केंद्र काढले, ते ही शिबिरे चालविते. बीजगणित, विश्लेषण आणि संस्थिती हे त्यांचे मुख्य आधार. काही आठवडे एकत्र राहावयाचे. सकाळी व्याख्यान, दुपारी उदाहरणे. आणि उदाहरणांच्या तासाला गुरुजी फळ्याशी नसतात. खडू विद्यार्थ्याच्या हाती असतो आणि गुरुजी मागच्या बाकावर.

माझा एक विद्यार्थी अशा संस्थितीच्या शिबिराला जाऊन आला. त्याचे नाव सांगत नाही. त्याला ते आवडणार नाही. कडबोळ्यावरच्या फासांचा हिशेब करताना तो फळ्यापुढे पाऊण तास अडकला होता. कोणी हसले नाही, कोणी उत्तरही सांगितले नाही. शेवटी मागच्या बाकावरून आसामची एक मुलगी उठली आणि तिने ओढणीचे एक टोक मनगटाभोवती गुंडाळून दाखविले, एवढेच. “सर, मला ते दिसले,” असे तो मला परत आल्यावर सांगत होता, आणि सांगताना त्याचे हात हवेत त्या ओढणीचे वेढे घेत होते. पुस्तकात ते वाक्य त्याने दहा वेळा वाचले होते.

पण हकीकत इथे संपत नाही. शिबिर भरले ते सत्र चालू असताना. प्रवासाचा, राहण्याजेवण्याचा खर्च शिबिराने सोसला. परंतु त्या आठवड्यांचे तासांचे पैसे बुडाले आणि परत आल्यावर त्याचे निम्मे तास दुसऱ्याला दिलेले होते. म्हातारी आई, लग्नाची बहीण. त्याने संध्याकाळच्या शिकवण्या धरल्या. पुढच्या वर्षी पुन्हा शिबिराचे पत्र आले तेव्हा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, जाऊ की नको?” मी म्हणालो, “तू गेलास तर काय बुडेल ते सांग.” त्याने हिशेब केला. आकडा फार मोठा नव्हता. आमच्या गावात एका लग्नाच्या वरातीत त्याहून अधिकाची दारू उडते. आम्ही चारपाच सेवानिवृत्त मास्तरांनी तो आकडा वाटून घेतला आणि तो गेला. या वर्षी त्याने संशोधनासाठी नाव नोंदविले आहे. त्याच्या हातून सिद्धांत होईल की नाही, मला सांगता येणार नाही. नरसिंहन आणि शेषाद्री १९५३ साली यॉट क्लबचा जिना चढत होते तेव्हा त्यांच्याविषयीही कोणाला सांगता आले नसते.

इतिहासातून एक गोष्ट मात्र सांगता येते. पाटणच्या लोकांनी दान करताना प्रत्येकाची ऐपत पाहिली. राजाकडून राजाचे, बाजाराकडून बाजाराचे, तेल्याकडून तेल्याचे घेतले. शिबिरे भरविणे हे राजाचे काम. ते सरकार करीत आहे आणि चांगले करीत आहे. उरलेले काम बाजाराचे आणि घाण्याचे आहे. शिबिराला गेलेल्या तासिकेवरच्या शिक्षकाचे तेवढ्या दिवसांचे पैसे कापू नयेत, त्याचे तास त्याच्यासाठी राखून ठेवावेत, एवढे प्रत्येक संस्थाचालकाला आपल्या ऐपतीत करता येईल. गावच्या पतपेढीला, व्यापारी मंडळाला वर्षाकाठी एका तरुणाचा भार उचलता येईल. आणि ज्याला काहीच करता येत नाही त्याने घरातल्या अशा मुलाला ‘यातून मिळणार काय?’ एवढे विचारू नये. तेही दानच आहे.

पाटणच्या ज्या तेल्यांनी घाण्यामागे पळी पळी तेल दिले, त्यांतल्या एकाचेही नाव दगडावर नाही. पण त्यांच्या तेलाची नोंद शिल्लक आहे आणि तीही आपल्या मराठीत. या दिवाळीत कढईत तेल ओतताना वाचकांनी तिची एकदा आठवण करावी, आणि फराळाच्या ताटातले कडबोळे मुलाच्या हातात देताना, त्याच्या भोकातून एक दोरा ओवून, “हा फास मिटेल का रे?” असे विचारून पाहावे.